हरकती व सूचना

मराठीत आपण दिवसातून किती वेळा ‘हरकत नाही’ म्हणतो याची मोजदाद कुणी केलेली नसावी. चहा गार झाला, हरकत नाही. तास अर्धा तास उशिरा सुरू होईल, हरकत नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ हालचाल. गाण्यातल्या हरकतीत तो अर्थ थोडाफार जिवंत राहिला, पण व्यवहारात हरकत म्हणजे आडकाठी, आणि ती बहुधा नाकारण्यासाठीच उच्चारायची. हा शब्द होकारार्थी, तोही अनेकवचनात, मला भेटतो तो फक्त जाहीर सूचनांमध्ये : ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.’

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस, ऐन गणपतीत, माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मुंबई महापालिकेच्या प्रभागरचनेचे प्रारूप २२ ऑगस्टला प्रसिद्ध झाले होते. हरकतींची मुदत ४ सप्टेंबर. मध्ये २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. म्हणजे शहरातला निम्मा माणूस कोकणात आणि उरलेला मांडवात, अशा दिवसांत आपल्या वस्तीची हद्द बरोबर आहे की चूक, हे नागरिकांनी कळवायचे होते. ती म्हणाली, “मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. आमच्या चाळीस घरांची हरकत लिहून द्याल?” मी लगेच हो म्हटले. माझ्या मराठीची अशी मागणी यापूर्वी एकदा झाली होती, हे मला त्या क्षणी आठवले नाही. आठवले ते दोन दिवसांनी.

आधी तो मजकूर वाचला. प्रत्येक प्रभागाचा क्रमांक, लोकसंख्या, तीत अनुसूचित जाती व जमातींची संख्या, मग व्याप्ती, आणि शेवटी उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार सीमा. अमुक रस्ता आणि तमुक नाला जिथे मिळतात तिथून नाल्याच्या कडेने पूर्वेकडे, रेल्वेच्या कुंपणभिंतीपर्यंत, तिथून दक्षिणेकडे, पुलापर्यंत, पुलावरून पश्चिमेकडे, पुन्हा मूळ ठिकाणापर्यंत. आपण शिकवतो ते वाङ्मय एका बाजूला आणि ही ‘चतुःसीमा’ दुसऱ्या बाजूला, असे मला वाटायचे. पण वाचताना महानुभावांची ‘स्थानपोथी’ आठवली. चक्रधरस्वामी जिथे जिथे वावरले त्या जागा भाविकाला पुढे सापडाव्यात म्हणून त्या ग्रंथात दिशा आणि खुणा नोंदवलेल्या आहेत : कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वाटेने. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली ती पोथी वर्गात कुणी वाचत नाही. अभ्यासक्रमात तिचे नाव एका ओळीत येऊन जाते. तिचे गद्य रूक्ष आहे, पण ते रूक्षपण एका गरजेतून आलेले आहे. ती वाचून माणसाला चालत जाता आले पाहिजे.

ही कसोटी चतुःसीमेला लावावी म्हणून एका सकाळी आम्ही दोघी निघालो. घाटकोपर आणि विक्रोळीच्या दरम्यान डोंगरउतारावर, आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपासून तिची वस्ती सुरू होते. वस्तीतून नाला वाहतो. ‘वाहतो’ हे क्रियापद पावसाळ्यापुरते. कागदावर सीमा नाल्याच्या मध्यातून जाते. प्रत्यक्षात नाल्यावर दोन ठिकाणी स्लॅब टाकलेला आहे, एका ठिकाणी मंडळाचा मांडवच त्यावर उभा होता, आणि गणपतीची पाठ एका प्रभागात आणि पाऊल दुसऱ्या प्रभागात असे काहीसे दृश्य होते. नाल्याच्या अलीकडे, म्हणजे सोसायटीच्या बाजूला, चाळीस घरे. पलीकडे सारी वस्ती. ही विद्यार्थिनी अलीकडच्या घरांत राहते, तिची आई पलीकडे, हाकेच्या अंतरावर. सार्वजनिक शौचालय पलीकडे. २०१७ च्या निवडणुकीपासून अलीकडचे लोक एका प्रभागाचे आणि शौचालय दुसऱ्याचे. टाकी भरली, दार मोडले, दिवा गेला की अलीकडची माणसे आपल्या नगरसेवकाकडे जात. तो म्हणे, ते माझ्या हद्दीत नाही. पलीकडच्याकडे जात. तो म्हणे, तुम्ही माझे मतदार नाही. दोघांचेही म्हणणे अक्षरशः खरे होते, हीच तर पंचाईत. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे बोट दाखवायलाही कुणी उरले नाही.

शेजारचे एक वयस्कर रिक्षावाले काका मात्र आमच्या उत्साहाने फारसे प्रभावित झाले नाहीत. “दोन दारं आहेत,” ते म्हणाले, “एक तरी उघडेल. एकच असलं आणि तेच बंद झालं तर?” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही पुरते नाही.

मुंबईत हद्द या गोष्टीला आपण नवखे नाही. शीव हे स्थानकाचे नाव आपण रोज ऐकतो. शीव म्हणजेच सीमा. मुंबई बेटाची हद्द तिथे संपे आणि पुढे साष्टी सुरू होई. त्या शिवेपलीकडचे आम्ही उपनगरवाले. १९५० साली महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली, १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गंमत अशी की प्रभागांचे क्रमांक आज उत्तरेकडून सुरू होतात, त्यामुळे जे सर्वांत शेवटी शहरात आले त्या दहिसरला पहिला क्रमांक मिळतो आणि जुने शहर यादीच्या तळाशी जाते. क्रमांकाने काही बिघडत नाही म्हणा. संख्येने बिघडते. २०१२ ची निवडणूक २००१ च्या जनगणनेवर झाली, २०१७ ची २०११ च्या. तेवढ्या अवधीत शहराची वस्ती घटली आणि उपनगरांची वाढली. म्हणून २०१७ ला शहराचे प्रभाग ६३ वरून ५६ झाले, पश्चिम उपनगरांचे ९७ वरून १०२ आणि पूर्व उपनगरांचे ६७ वरून ६९. एकूण तेच २२७. विधानसभेत हा बदल त्याआधीच, २००८ च्या पुनर्रचनेत, याहून ठसठशीत झाला होता. पूर्वी शहर आणि उपनगर प्रत्येकी १७ आमदार निवडत. आता शहर १० आणि उपनगर २६. रेषा हलली की सत्तेचे वजन हलते. दक्षिणेकडच्या परिचितांना हा अन्याय वाटतो आणि मुलुंडच्या माणसाला उशिरा मिळालेला न्याय.

जुन्या काळी गावाच्या शिवेचा तंटा गोतसभेपुढे चाले. आजूबाजूच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार बसत. जुनी झाडे, दगड, ओढे यांची साक्ष काढली जाई. गावच्या महाराचा शब्द या बाबतीत महत्त्वाचा मानला जाई आणि शपथ घेऊन शीव चालून दाखवण्याची रीत होती. यात भुलण्यासारखे काही नाही. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्यालाच गावाची शीव तोंडपाठ असावी लागे, आणि त्याचे ज्ञान कामाला येई ते इतरांच्या जमिनीसाठी. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट तिच्यात होती : शीव कुठून जाते आणि का जाते हे सांगणारा माणूस चारचौघांत उभा राहून सांगत असे, आणि ऐकणाऱ्याला ‘इथे ओढा नव्हता’ असे त्याच्या तोंडावर म्हणता येत असे.

आजची रेषा कोण आखतो? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली शहराचे प्रभाग पाडले जातात. ७४ व्या घटनादुरुस्तीने या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली आल्या आणि हद्दी ठरवण्याचे कामही आयोगाकडे होते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून ते राज्य शासनाकडे घेतले, तेही एकमताने. एरवी ज्यांचे कशावरही जमत नाही त्या पक्षांचे यावर जमले, ही गोष्ट मला अजून विचार करायला लावते. २०२५ च्या रचनेत प्रारूप आयुक्तांनी तयार केले आणि ते नगरविकास विभागामार्फत आयोगाच्या मान्यतेला गेले.

त्या अवधीतली आकड्यांची ये-जा तर एखाद्या फार्सला शोभेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका सरकारने ठरवले की लोकसंख्या वाढली, सबब प्रभाग २३६ हवेत : शहरात तीन, पूर्व उपनगरांत तीन, पश्चिम उपनगरांत तीन अधिक. फेब्रुवारी २०२२ मध्ये नकाशे प्रसिद्ध झाले, आठशेच्या वर हरकती आल्या, मे महिन्यात अंतिम रचना झाली, आरक्षणाची सोडतही निघाली. जूनअखेर सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळल्या. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितले आणि तेव्हा कुठे चक्र फिरले. दोन्ही आकड्यांचा आधार एकच, २०११ ची जनगणना. १ कोटी २४ लाख ४२ हजार ३७३ ला २२७ ने भागा किंवा २३६ ने. प्रभागाची सरासरी लोकसंख्या ५४,८०० च्या आसपास येते किंवा ५२,७०० च्या. ज्यांनी २०२२ मध्ये आपल्या गल्लीसाठी हरकत लिहिली, सुनावणीला गेले, त्यांचे श्रम कुठे गेले, हा प्रश्न दोन्ही सरकारांच्या पानांवर नाही. २०२५ ला हरकती सुमारे पाचशेच आल्या. म्हणजे पंचवीसेक हजार माणसांमागे एक. उरलेल्यांना हरकत नव्हती, असेही म्हणता येईल.

मी हरकत लिहिली. दीड पान. वस्तीचा इतिहास : रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेली पहिली घरे, मग उत्तर प्रदेशातली, एकच गणपती, एकच बालवाडी, एकच शौचालय. ‘एकजिनसी’, ‘अविभाज्य’, ‘सामाजिक वीण’ असे शब्द त्यात होते. मला ती आवडली होती, हे कबूल करायला हवे. अर्ज स्वीकारणाऱ्या गृहस्थांनी ती शेवटपर्यंत वाचली, आणि खरोखर आदराने म्हणाले, “मॅडम, सुंदर लिहिलंय. प्रगणक गट क्रमांक कुठला?”

प्रगणक गट म्हणजे जनगणनेसाठी पाडलेला सर्वांत लहान तुकडा, साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबांचा. प्रभाग हे अशा गटांची बेरीज असतात. सरासरीच्या दहा टक्के खाली किंवा वर इतकी मोकळीक असते, म्हणजे सुमारे ४९,३०० ते ६०,३०० च्या दरम्यान प्रभाग बसवायचा, मोठे रस्ते, नद्या, नाले, रेल्वे ओलांडायचे नाहीत, आणि गट शक्यतो फोडायचा नाही. त्या गृहस्थांनी टेबलावरचा मोठा नकाशा उलगडून बोट ठेवले. चाळीस घरे आणि आमच्या सोसायटीच्या तीन इमारती एकाच गटात होत्या. दोनशे माणसे इकडची तिकडे गेल्याने दहा टक्क्यांचे काही बिघडले नसते. पण गट फुटला असता.

हा गट कुणी पाडला? २०१० साली घरयादीच्या वेळी कुणी शिक्षक किंवा शिक्षिका फिरली असेल, वही हातात घेऊन, मे महिन्याच्या उन्हात. घरांना क्रमांक घातले असतील आणि नजरी नकाशा काढला असेल. ‘नजरी नकाशा’ हा शब्द मला फार आवडतो. मोजपट्टी नाही, नजरेने काढलेला. नाला ओलांडायला तेव्हा फक्त एक लाकडी फळी होती, असे विद्यार्थिनीची आई सांगते. तेव्हा तिकडचा गट वेगळा करणे स्वाभाविकच. पंधरा वर्षांनी नाल्यावर स्लॅब आहे, मांडव आहे, आणि ती फळी मात्र महापालिकेच्या सीमेत कायम झाली आहे. कुणी दुष्ट हेतूने हे केलेले नाही. मला तरी तसे दिसत नाही. पण या गटाचा नकाशा नागरिकाच्या हाती नसतो, आणि ज्या भाषेत निर्णय होतो ती त्याच गटांची भाषा असते. ‘सामाजिक वीण’ त्या भाषेत येत नाही. मी अशा परीक्षेला बसले होते की जिचा अभ्यासक्रमच मला दिलेला नव्हता, आणि वर माझे मराठी चांगले म्हणून मलाच पुढे केलेले.

आता ती जुनी गोष्ट.

२०१६ साली दिवाळीच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या सचिवांनी मला एक कागद दिला होता. त्या वेळच्या प्रारूपावरची हरकत. तेव्हाही त्यांनी म्हटले होते, “तुमचं मराठी चांगलं आहे, जरा बघता का?” मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. तो कागदही त्याच लाल पेनाने तपासला. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. एक वाक्य लांबलचक होते, ते तोडून दोन केली. त्या वाक्याचा आशय असा की सोसायट्यांचे प्रश्न आणि झोपडपट्टीचे प्रश्न भिन्न आहेत, एका प्रभागात दोन्ही आल्याने करदात्या रहिवाशांवर अन्याय होतो, तरी नाला ही नैसर्गिक सीमा मानावी. ‘करदात्या’मधला दोष मी सुधारला. आशयाकडे माझे लक्ष गेले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. लक्ष गेले होते, पण तो माझा विषय नाही असे वाटले. खाली एकसष्ट सह्या होत्या, त्यांत माझीही.

अंतिम रचनेत सीमा नाल्यावरून गेली. सोसायटीला हवी होती तशी पूर्ण नव्हे, कारण चाळीस घरे नाल्याच्या अलीकडेच राहिली. पण ती आपल्या शौचालयापासून, बालवाडीपासून, आपल्या माणसांपासून तोडली गेली. आमच्या अर्जामुळे तसे झाले का? की नकाशा त्याआधीच गटांच्या हिशेबाने तसा ठरलेला होता आणि आमच्या अर्जाला कुणी विचारलेही नाही? की आणखी कुणाचा शब्द कुठे चालला? मला ठाऊक नाही, आणि कळायला मार्गही नाही. रेषेशेजारी कारण लिहिलेले नसते. प्रभागरचना खुली असावी असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असतो तो संशयित राजकारणी, ज्याला रंगेहाथ पकडायचे आहे. पण कारण लिहिलेले नसले की माझ्यासारख्या सामान्य सहीकर्तीला आपला अपराध किती आणि निरपराधपण किती, हेही कधी समजत नाही. मी नऊ वर्षे त्या वस्तीवरून कॉलेजला जात होते.

जगात हा प्रश्न जुना आहे. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या मतदारसंघांच्या नकाशात एक आकृती इतकी वाकडीतिकडी होती, की एका बॉस्टनच्या वृत्तपत्राने तिला पंख आणि नख्या चिकटवून सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्याचे व्यंगचित्र छापले आणि गेरींचे नाव त्या प्राण्याला जोडून ‘गेरीमँडर’ हा शब्द इंग्रजीला दिला. पुढे कॅलिफोर्नियात २००८ च्या जनमतानंतर हे काम आमदारांकडून काढून चौदा नागरिकांच्या आयोगाकडे दिले गेले. त्यांतले पहिले आठ जण पात्र अर्जदारांमधून चक्क चिठ्ठी टाकून निवडतात. आपल्याकडे आरक्षणासाठी चिठ्ठ्या निघतात, रेषा आखणाऱ्यांसाठी नाही. इंग्लंडमधला सीमा आयोग संसदेचे मतदारसंघ आखताना आलेली सगळी निवेदने प्रसिद्ध करतो आणि मग त्या निवेदनांवर इतरांना पुन्हा बोलायला मुदत देतो. ही दुसरी फेरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती आपल्याकडे २०१६ ला असती तर आमचा एकसष्ट सह्यांचा कागद वस्तीतल्या कुणीतरी वाचला असता. बहुधा माझ्या विद्यार्थिनीनेच. ती तेव्हा माझ्याच वर्गात, दुसऱ्या वर्षाला होती.

तरीही खुलेपणावर माझा भाबडा विश्वास उरलेला नाही. नकाशे, गटांची माहिती, आखणीची साधने उद्या सर्वांच्या फोनवर आली, तर ती आधी कोण वापरील? आमच्या सोसायटीत चार निवृत्त अभियंते आहेत. ते आठवड्याभरात पर्यायी नकाशा काढतील, टक्केवारीसह, रंगीत. वस्तीतली माणसे त्या आठवड्यात ओव्हरटाइम करत असतील. ‘समान हितसंबंधांचा समूह एकत्र ठेवावा’ हे तत्त्व कॅलिफोर्नियात फार उदात्त वाटते. आमच्या सचिवांचा अर्जही अगदी त्याच तत्त्वावर लिहिलेला होता. म्हणून मला वाटते की कागद खुला असणे पुरेसे नाही. रेषा आखणाऱ्याने रेषेवर चालून आले पाहिजे, आणि जिच्यामुळे ज्याचे नुकसान संभवते त्याला घरी जाऊन विचारले पाहिजे, तेही मांडव उठल्यानंतर. हे अव्यवहार्य आहे असे मला एका सहकाऱ्याने ऐकवले. २२७ प्रभाग आहेत. जनगणनेला मात्र आपण घरोघर जातोच की.

सुनावणीला ती एकटी गेली. माझे तास होते, निदान मी तसे कारण दिले. तिने फोन करून सांगितले की बोलायला मिळाले, ऐकून घेतले, पाणीही विचारले. ऑक्टोबरमध्ये अंतिम रचना आली. एकंदरीत २०१७ चीच, किरकोळ बदल सोडून. आमच्या नाल्यावरची रेषा होती तिथेच होती.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झाले. आम्ही दोघी एकाच प्रभागात, त्यामुळे एकाच शाळेत रांग. सोसायटीची माणसे एका खोलीपुढे, चाळीस घरांची दुसऱ्या, पण फाटकापर्यंत रांग एकच. मी त्या सकाळी २०१६ च्या अर्जाची झेरॉक्स पिशवीत घातली होती. सचिवांनी तेव्हा प्रत्येकाला एक प्रत दिली होती, ती जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली. देऊ की नको असे करत फाटकाशी पोचलो, तेव्हा तिच्या हातात दिली. तिने उभ्या उभ्या वाचली. सह्यांपर्यंत आली. माझ्या सहीवर थांबली की नाही ते मला पाहवले नाही, मी मतदारयादीतला क्रमांक शोधत असल्यासारखे केले.

तिने कागदाची नीट घडी घातली आणि परत दिला नाही, आपल्या पर्समध्ये ठेवला. मग थोड्या वेळाने विचारले, “मॅडम, ती घरयादी आता परत कधी?” २०२१ ची जनगणना झालीच नव्हती. नवी २०२७ ची, आणि तिच्या घरयादीचे काम २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान करायचे जाहीर झाले होते. मी तसे सांगितले.

“आमच्या गल्लीत कोण येणार ते आधी कळेल का?” ती म्हणाली. “मला त्या दिवशी रजा टाकायला लागेल. नकाशा काढताना मी बरोबर चालते.”

रांग पुढे सरकली.